स्टार्टअप स्क्रिप्टसाठी सिस्टमडी का जुनं इनिट?

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांचे लिनक्स सर्व्हर मी बघतो, तिथं लाईट जाऊन आली की बिलिंग आपोआप चालू व्हायलाच पाहिजे, सौदा चालू असताना कोण थांबतंय. मशीन चालू होताना बाकीचे प्रोग्रॅम उठवायचं काम इनिट नाहीतर सिस्टमडी करतं. जुन्या इनिटच्या शेल स्क्रिप्टा (कमांड लिहिलेल्या फायली) वाचायला सोप्या, नावातल्या नंबरप्रमाणं एकामागून एक चालतात, पण प्रोसेस मेली तर तिला परत उठवायला कोण नाही. क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) ॲट-रीबूट, म्हणजे मशीन चालू होताच काम चालवणं, बारक्या कामाला ठीक, डेटाबेसला नकोच. २०१० ला आलेलं सिस्टमडी मला सगळ्यात भारी वाटतं, डेबियन या लिनक्सच्या प्रकारानं २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट केलंय. सर्व्हिस (मागं चालणारा प्रोग्रॅम) कशी चालवायची ते लिहिलेल्या युनिट फाईलमध्ये 'रीस्टार्ट'पुढं 'ऑन-फेल्युअर' लिहिलं की क्रॅश झालेली सर्व्हिस परत उभी राहते आणि जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदींमध्ये, कुठं अडकलं ते टायमासकट दिसतं, हे लय कामाचं आहे. एक लक्षात ठेवा, युनिट फाईलमधलं 'आफ्टर' नुसता क्रम लावतं, डेटाबेस सोबत चालू करायचा तर 'वॉन्ट्स' नाहीतर 'रिक्वायर्स' पण लिहावं लागतं, इथंच बरेच जण अडकतात. बारक्या मशिनवर अल्पाइन हे छोटं लिनक्स टाकलं असेल तर त्यातलं ओपनआरसी, सर्व्हिस चालू करायचं तसंच काम करणारं, हलकं आणि झकास. सिस्टमडीला पाचपैकी साडेचार स्टार, शिकायला वेळ लागतो म्हणून अर्धा कापला.