माऊस चालतोय, पण फसवणूक झालेलीच आहे

यावल तालुक्यातल्या एका सेवा केंद्रावर ३४९ रुपयांचा वायरलेस माऊस आला. मोबाईलवर जाहिरात दिसली होती. नामांकित कंपनीचं नाव, १,९९९ या आकड्यावर काट, खाली लाल अक्षरात ३४९ आणि 'आज रात्री १२ पर्यंतच'. पैसे पाकीट हातात आल्यावर द्यायचे होते, म्हणून केंद्रचालकाला भीती वाटली नाही. पाकीट आलं, पैसे दिले, डोंगल (माऊसचा यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) लावला, बाण हलला. विषय संपला.

पीकविम्याच्या अर्जांचे दिवस होते. रोज नऊ-दहा तास हात त्याच माऊसवर. तिसऱ्या आठवड्यात एका क्लिकला दोन क्लिक पडू लागले, अर्धवट भरलेला अर्ज पुढे निघून गेला आणि मनगटाच्या आतल्या अंगाला कळ येऊ लागली. माल परत करायला गेले, तर मुदत सात दिवसांचीच होती आणि ते विक्रीचं पानही उघडेना. मग कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधला. पहिला सापडला त्याला फोन लावला. समोरच्याने गोड बोलून 'रिफंड अ‍ॅप' घ्यायला लावलं, यूपीआयचा पिन टाकायला लावला आणि खात्यातून ४,८०० रुपये गेले.

हा माणूस तीनदा फसला: जाहिरातीत, माऊसमध्ये आणि फोनवर. तिसरी फसवणूक लगेच कळली, कारण पैसे गेल्याचा मेसेज आला. पहिल्या दोन्ही फसवणुकी महिनाभर कळल्याच नाहीत. नकली माऊस पहिल्या दिवशी बंद पडत नाही, तो चालतो, हीच त्यातली मेख आहे. लोक दोष लॅपटॉपला देतात, टेबलाला देतात, स्वतःच्या हाताला देतात. माऊसवर संशय सगळ्यात शेवटी जातो.

जाहिरातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क जिथे दिसत नाही, तिथे मागवू नये. पाकीट आल्यावर पैसे देणं ही सुरक्षितता नाही. पैसे देईपर्यंत पाकीट सहसा उघडता येत नाही, आणि पाठवणाऱ्याच्या जागी बहुतेक वेळा भलत्याच गोदामाचं नाव असतं.

आता खुद्द माऊस. खोका हातात आला की आधी मागची चिठ्ठी वाचा. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन किंवा ई-मेल असायलाच हवा. नकली मालावर यातलं एखादं तरी गायब असतं, किंवा आयातदाराच्या जागी नुसतं कंपनीचं परदेशातलं नाव असतं. मग तळ किंवा बॅटरीचा खण बघा. तिथे मॉडेल आणि सिरियल क्रमांक छापलेला असतो. दुकानात असाल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा आणि दोन्ही क्रमांक शेजारी धरा. दोन्हींवर एकच सिरियल क्रमांक असेल तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. खरा क्रमांक एका नगाचा एकच असतो. नकली माल करणारा एकच चिठ्ठी हजारदा छापतो.

लॉजिटेकच्या माऊसची नक्कल आपल्याकडे फार चालते, आणि ती पकडायची एक सोपी खूण आहे. डोंगल लावा. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. माऊसच्या यादीत दोन-तीन नोंदी दिसतील, कारण टचपॅडही तिथेच असतो. डोंगल काढल्यावर जी नोंद नाहीशी होते ती आपली. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' आणि त्यात 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हीआयडी' म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक; या अक्षरांपुढे लॉजिटेकचा ०४६डी असतो. खोक्यावर लॉजिटेक आणि इथे दुसराच क्रमांक, म्हणजे माल खोटा. उलटं मात्र धरू नका. ०४६डी दिसला म्हणजे खराच, असं नाही, कारण चिपमध्ये तो आकडा घालणं अवघड नसतं. शिवाय ही कसोटी सगळ्या ब्रँडना लावू नका. काही कंपन्या माऊस दुसऱ्या कारखान्याकडून करून घेतात आणि तिथे त्या कारखान्याचा क्रमांक दिसतो.

सगळ्यात जास्त खोटं डीपीआयच्या आकड्यात असतं, म्हणजे माऊस एक इंच सरकवला की बाण किती पिक्सेल सरकतो त्या आकड्यात. खोक्यावर ३,२०० छापलेलं असतं, आतला सेन्सर १,००० किंवा १,२०० चा असतो. हे पट्टीने मोजता येतं. माऊसच्या सेटिंगमध्ये वेगाची पट्टी बरोबर मध्यावर ठेवा आणि 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढा. ती राहिली तर हात किती जोरात हलतो त्यावर अंतर बदलतं आणि माप चुकतं. टेबलावर शाळेची पट्टी ठेवा, बाण पडद्याच्या डाव्या कडेला न्या आणि माऊस पट्टीलगत हळूहळू उजवीकडे सरकवा. पडद्याची रुंदी १,९२० पिक्सेल असेल तर १,००० डीपीआयचा माऊस साधारण ४.९ सेंटीमीटर सरकल्यावर बाण दुसऱ्या कडेला पोचतो. १,६०० चा माऊस ३ सेंटीमीटरला, आणि खरा ३,२०० चा दीड सेंटीमीटरला. जुन्या १,३६६ पिक्सेलच्या पडद्यावर हीच अंतरं ३.५, २.२ आणि १.१ अशी येतात. वरच्या बटणाने डीपीआय बदलून प्रत्येक पायरी मोजा. कित्येक नगांत ते बटण दाबल्यावर फक्त दिवा बदलतो, अंतर तेच राहतं.

खरं तर टॅली, अर्ज, वर्ड या कामांना १,००० डीपीआय पुरतो. १,००० लिहून १,००० चा विकला तर कुणाची तक्रार नसती. पण जो आकड्यात खोटं बोलतो तो बटणात, चाकात, बॅटरीतही काटकसर करतो. म्हणून ही पट्टीची कसोटी मोलाची आहे.

यानंतर क्लिक. डाव्या बटणाने एकच क्लिक पन्नास वेळा करा, फोल्डरवर, दर वेळी थोडं थांबून. एकदाही फोल्डर उघडलं तर आतला पत्रा चांगला नाही. बटणाखालच्या स्विचमध्ये तांब्याची पातळ पट्टी असते. ती हलक्या प्रतीची असली की टेकताना थरथरते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. केंद्रचालकाच्या अर्जाचं तेच झालं. मग एक लांब परिच्छेद दाबून धरून निवडत न्या. मध्येच निवड सुटली तर दोष तोच. चाक खाली फिरवताना पान मध्येच वर उडी मारतं का, तेही बघा. आणि पेंट उघडून तिरक्या रेषा सावकाश ओढा. रेष आपोआप सरळ होत असेल किंवा पायऱ्या पायऱ्यांची येत असेल तर सेन्सर कामाचा नाही.

वजनाने पुष्कळ लोक फसतात. 'जड आहे, म्हणजे दणकट' असं दुकानदारही सांगतो. जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत वजनावर माणसाचा विश्वास बसतो, पण माऊसमध्ये वजन ही गुणवत्ता नाही. कित्येक स्वस्त माऊसच्या तळाशी निव्वळ जड वाटावं म्हणून लोखंडी पट्टी बसवलेली असते. बॅटरी काढा आणि तळाला चुंबक लावून बघा. चिकटला म्हणून लगेच खोटा म्हणू नका, काही चांगल्या माऊसमध्येही तोल साधायला पट्टी असते. पण 'जड' हे कारण सांगून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका. दिवसभर ढकलायचा माऊस हलकाच बरा.

'एर्गोनॉमिक' हा शब्द तर कोणीही छापतो. त्यासाठी कुठलाही परवाना लागत नाही. सपाट, बुटक्या, ९ सेंटीमीटरच्या माऊसवरही तो दिसतो. आरामाचं माप आपल्याच हाताचं घ्यावं लागतं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. त्याच्या साधारण ६० टक्के लांबीचा माऊस हाताला बसतो. हात १८.५ सेंटीमीटरचा असेल तर माऊस ११ च्या आसपास हवा. प्रवासात बॅगेत टाकायचे छोटे माऊस साडेनऊ-दहा सेंटीमीटरचे असतात. त्यावर तळवा टेकत नाही, बोटं आकसतात आणि सगळा भार टेबलाच्या कडेवर दाबलेल्या मनगटावर येतो. तासाभराचं काम असेल तर चालतं. नऊ तासांचं नाही. हात पूर्ण टेकवून काम करणाऱ्याने मागचा उंचवटा बघावा. टेकवल्यावर तळहाताखाली पोकळी राहिली तर तो माऊस आपला नव्हे, कितीही नामांकित असो.

उभ्या माऊसची नवी लाट आहे. कल्पना चांगली आहे, हात हस्तांदोलनाला धरतो तसा उभा राहतो आणि मनगट पिळलं जात नाही. चांगल्या कंपन्यांच्या उभ्या माऊसचा कल ५७ अंशांचाही असतो. स्वस्त नकलेत कल कमी, अंगठ्याची बैठक उथळ आणि करंगळी टेबलावर घासते. आणि डावखुऱ्या माणसाने नीट विचारून घ्यावं. बाजारातले बहुतेक उभे माऊस उजव्या हाताचेच असतात.

'ब्लूटूथ आणि डोंगल दोन्ही' असं लिहिलेला माऊस घेताना डोंगल न लावता लॅपटॉपच्या ब्लूटूथमधून जोडून दाखवायला सांगा. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, म्हणून नुसत्या 'वायरलेस'ला ब्लूटूथ म्हणून खपवणं सोपं जातं. डोंगल हरवलेला माऊस 'कुठलाही डोंगल चालतो' असं सांगून विकणारेही आहेत. साध्या माऊसची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, दुसरा डोंगल त्याला ओळखत नाही. लॉजिटेकचे २००९ पासूनचे युनिफाइंग आणि २०२१ पासूनचे बोल्ट हे रिसीव्हर वेगळे घेऊन जोडता येतात, पण ते एकमेकांत चालत नाहीत.

सेवा केंद्र, पतपेढी, वकिलाचं कार्यालय अशा ठिकाणी डोंगलबद्दल जास्त काळजी घ्यावी. २०१६ मध्ये 'माऊसजॅक' नावाची त्रुटी जाहीर झाली. नीट संरक्षण नसलेल्या डोंगलला १०० मीटरच्या टप्प्यातून बाहेरचा माणूस खोटी बटणं दाबल्याचे संदेश पाठवू शकतो, असं त्यात दिसलं. जिथे आधार आणि बँकेची कामं चालतात तिथे बिननावाचा डोंगल कायम लावून ठेवणं धोक्याचं आहे. माऊस चालवायला कुठलंही मोबाईल अ‍ॅप लागत नाही. खोक्यातल्या चिठ्ठीवरचा क्यूआर कोड 'वॉरंटी'साठी फाइल उतरवायला लावत असेल तर ती उतरवू नका.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक बिघाड म्हणजे फसवणूक नसते. बाण अडखळत असेल आणि शेजारच्या यूएसबी ३ पोर्टला पेन ड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावलेली असेल, तर दोष तिचा असू शकतो. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवलं आहे. डोंगल दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टला किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावा. काचेच्या टेबलावरही बहुतेक माऊस गोंधळतात. तळाला लाल दिवा दिसत नाही म्हणून घाबरू नका, अनेक चांगल्या माऊसचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या गाळ्यात पडून राहिलेला जुना साठा त्यात खराब होतो. माऊसच्या बाजूचं रबर अंगठ्याने दाबा. चिकट लागलं तर माल जुना आहे, तारखेची चिठ्ठी नवी असली तरी. खोक्यासोबत आलेली फुकटची बॅटरी काढून ठेवा आणि चांगली अल्कलाइन घाला. हलकी बॅटरी पाझरली की स्प्रिंग गंजते. अल्कलाइन बॅटरी पाझरून पांढरी भुकटी दिसली तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, वाळू द्या, मग नवी घाला. चार्जिंगचा माऊस उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आतली लिथियम बॅटरी फुगते.

घेताना बिल मागा, त्यावर मॉडेल आणि सिरियल क्रमांक लिहून घ्या. 'बिलाचं काय करता भाऊ, काही झालं तर मी बसलोय ना' या वाक्यावर थांबू नका. बिल न देणं आणि सदोष माल ठरलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावल्याने हे बदलत नाही.

फसवणूक झालीच असेल तर ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका; खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचाच घ्या. पैसे परत घ्यायला पिन कधीच लागत नाही. खात्यातून रक्कम गेली असेल तर लगेच १९३० वर फोन करा, तासाभराचाही उशीर नको, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवता येते. मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला करता येते. दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

त्यासाठी पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ हवा. सुरुवात न फाडलेल्या पाकिटापासून, पत्त्याची चिठ्ठी दिसली पाहिजे, शेवट सिरियल क्रमांकावर. पट्टीवरचं मोजमाप आणि डिव्हाइस मॅनेजरमधला क्रमांक यांचेही फोटो काढा. मग माऊस आणि डोंगल, बॅटरी काढून, त्याच पाकिटात घालून ठेवा. रागाच्या भरात फेकू नका. तक्रार चालेल तेव्हा तोच पुरावा लागणार आहे.