तिकिटाच्या अ‍ॅपमधलं मराठी: २ स्टार

बसची तिकिटं काढायचं एक अ‍ॅप आहे, नाव नाही घेत. सेटिंगमध्ये 'मराठी' दिसलं म्हणून आईच्या फोनमध्ये टाकून दिलं, म्हटलं आता दर वेळी मला फोन नको करायला. दुसऱ्याच दिवशी फोन. "अगं, हे 'आता पुस्तक' काय आहे, दाबू का?" बुक नाऊ हो!

दाबलं. तर मेसेज आला, '१ तिकिटे बुक झाले. आपला बस पुणे पासून कोल्हापूर ला २२:३० वाजता निघेल.' आपला बस!!

मी भाषांतराची थोडीफार कामं केलीत त्यामुळे कुठे घोळ झालाय ते लगेच कळतं. वाक्याचे तुकडे करून ठेवलेत आणि मध्ये गावाचं नाव चिकटवतात. इंग्रजीत गावाचं नाव बदलत नाही म्हणून तिथे खपतं, आपल्याकडे पुण्याहून, साताऱ्याला, ठाण्यात असं सगळं बदलतं ना. आणि गंमत बघा, कराड किंवा सांगली टाकलं की फक्त मधली जागा काढली तरी बरोबर दिसतं, कराडला, सांगलीला, म्हणजे ज्याने चेक केलं त्याने बहुतेक तीच गावं टाकून बघितली आणि झालं म्हणून सोडून दिलं. एवढं डोकं लावायचं नसेल तर सरळ 'कुठून: पुणे, कुठे: कोल्हापूर' लिहा, एसटीच्या पाटीवर तरी कुठे वाक्य असतं, कुणी अडत नाही.

'१ तिकिटे'ला तर माफीच नाही. गेटटेक्स्टसारख्या, अ‍ॅपच्या भाषांतरासाठी फुकट मिळणाऱ्या टूलमध्येसुद्धा एकवचन अनेकवचनाची सोय कित्येक वर्षं आहे, जपानीला एकच रूप, अरबीला सहा, मराठीला बिचारीला फक्त दोन लागतात. 'बुक'चं पुस्तक का होतं तेही सांगते, भाषांतरवाल्याला नुसती शब्दांची एक्सेल शीट पाठवतात, बटण आहे की मेनू आहे काही लिहिलेलं नसतं. शब्दाशेजारी एक ओळ टीप टाकायला कितीसा वेळ लागतो?

बाकी अ‍ॅप वाईट नाही हं. बस कुठवर आली ते नकाशावर बरोबर दिसतं, एकदा तिकीट रद्द केलं तर पैसेही गुपचूप परत आले. १ स्टार त्याचा आणि १ निदान मराठी ठेवलंय म्हणून. आईने मात्र परवा भाषा बदलून इंग्रजी केली.