टेली-मानस (१४४१६) : पुरानंतर तीन वर्षांनी लावलेला फोन

चिपळूणला माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही राहतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं. ओसरल्यावर शटर उचललं तर गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस चिखलात लडबडलेले, टाचणीने लावलेल्या मापाच्या चिठ्ठ्यांची शाई पसरलेली. कुठला कपडा कुणाचा, काही कळेना. एक शालू लग्नाचा होता. त्या मुलीला काय सांगू, म्हणून मी तिथेच चिखलात बसून राहिले.

दुकान हळूहळू उभं राहिलं. झोप गेली ती गेलीच. जोराची सर आली की रात्री दोनला उठायचं, जिन्यात टॉर्च मारून शेवटची पायरी दिसते का बघायचं. दिसली की परत वर. अर्ध्या तासाने पुन्हा खाली. घरचे म्हणायचे, पाणी गेलं ना आता? एका डॉक्टरांनी मान वर न करता गोळी लिहून दिली. पुढे कुठे जायची हिंमत झाली नाही, कारण आमच्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना रत्नागिरीचं मनोरुग्णालयच आठवतं.

२०२४ च्या जुलैत दुपारी ट्रायलच्या पडद्यामागे बसून १४४१६ लावला. टेली-मानस ही मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास आणि फुकट. भाषा विचारतात, मी मराठी निवडली. पलीकडच्या बाईंनी आधी पुराचं विचारलंच नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं सरळ विचारलं. मग म्हणाल्या, "ताई, पायरी बघायला जाता तेव्हा छातीत काय होतं?" तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रडले. त्या थांबल्या, घाई केली नाही.

त्यांनी सांगितलं, जुलै आला, चिखलाचा वास आला की शरीर आपोआप सावध होतं, यात वेड लागल्यासारखं काही नाही. श्वास सावकाश सोडायला शिकवलं. रात्री पायरी एकदाच बघायची आणि किती वाजता बघितली ते वहीत लिहायचं, हेही ठरवून दिलं. त्रास वाढला तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देऊ म्हणाल्या. मला तशी गरज पडली नाही. ज्यांना पडेल त्यांनी लाजू नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

एक लक्षात घ्या, ऐन पुरात याचा भरवसा धरू नका, तेव्हा मोबाइलचे टॉवरच बंद पडतात. हा नंबर नंतरच्या दिवसांसाठी आहे, आणि ते दिवस फार लांबतात.

वहीत पहिल्या आठवड्यात एका रात्रीच्या चार-चार वेळा लिहिलेल्या आहेत. ऑगस्टच्या पानावर काही रात्री कोऱ्या आहेत.

नंबर कटिंगच्या टेबलावर चिकटवलाय. परवा सासूबाई म्हणाल्या, "तो मला लावून दे गं." लावून दिला आणि पडदा ओढून बाहेर मशीनवर बसले.