स्टोनवेअरच्या नावाखाली नदीचा गाळ

मार्च ते मे, पूर्ण तीन महिने मी अडीच फुटांची गुलाबाई, म्हणजे आमच्या खानदेशात पुजतात त्या पार्वतीची मूर्ती, घडवत होते. चाक नाही, साचा नाही. अंगठ्याएवढ्या जाड मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, प्रत्येक सांधा खरवडून, पातळ चिखल लावून दाबायचा. रोज दोन-तीनच वळ्या, नाहीतर खालची भिंत वजनाने बसते. त्यात जळगावचा उन्हाळा, तासाभरात कड वाळते. रात्री उठून ओलं फडकं बदलायचे मी.

मला स्टोनवेअर हवी होती, म्हणजे जास्त आचेला भाजून दगडासारखी टणक होणारी माती. ती एका प्रदर्शनात भेटलेल्या विक्रेत्याकडून घेतली. "गुजरातेतल्या थानगढची स्टोनवेअर आहे ताई, १२०० डिग्री सहज झेलते, ग्रॉगसुद्धा घातलाय." नमुना म्हणून भाजलेला, दगडासारखा टणक तुकडा हातात दिला. ४० किलो, ७० रुपये किलोने २८०० रुपये. अर्धे आगाऊ, बिल नंतर. पिशव्या शिवलेल्या होत्या, मी एकही उघडून पाहिली नाही.

वळ्या करताना बोटांना पांढरे कण लागायचे. तो ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा रवा, असं मी समजले.

पहिली भाजणी १००० डिग्रीला केली. मूर्ती अखंड निघाली. पाचव्या दिवशी गालाचा टवका उडाला, खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. मग कपाळ, मग हात. पंधरा दिवसांत अंगभर देवी आल्यासारखी दिसू लागली.

गल्लीतल्या कुंभारकाकांनी उरलेली माती नुसती चोळली आणि म्हणाले, "ताई, हाई माटीमा चुनखडी शे." नदीकाठचा गाळ, त्यात विटांचा भुगा. भट्टीत चुनखडीचा कळीचा चुना होतो, तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची माती फोडतो. ताबडतोब नाही, काही दिवसांनी. तोवर पैसे पोचलेले असतात. विक्रेता आधी म्हणाला, "तुमची भट्टी चुकली." नंतर फोन उचलणंच बंद.

माती घेण्याआधी पिशवी फोडायला लावा. पांढऱ्या कणांवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर ती चुनखडी. त्याच पिशवीतल्या मातीची एक टिकली भाजून पंधरा दिवस ठेवा, मगच मोठं काम उचला. विक्रेत्याने दिलेल्या तुकड्यावर जाऊ नका, तो कोणत्या मातीचा आहे हे पिशवीवरून कळत नाही.

परवा धुळ्याहून एका मैत्रिणीचा फोन आला. तिलाही 'थानगढची' माती आलीये, तीच शिवलेली पिशवी. उरलेले पैसे अजून द्यायचेत. म्हटलं, फोन ठेवू नकोस, आधी कात्री आण.