पावतीवर ‘ग्रूमिंग’ लिहिलं होतं

एकूण ६२,३४० रुपये गेले. हिशेब आधीच सांगून टाकते, कारण जो भेटतो तो पहिल्यांदा तोच विचारतो. डॉबरमनचं पिल्लू ३२,००० (त्यातले ५,००० बुकिंगचे), कान कापायचे ९,५००, कान उभे राहावेत म्हणून पट्ट्या बदलायचे २,२००, आणि मग हे सगळं निस्तरायला खऱ्या डॉक्टरांकडे १८,६४०. त्या पिल्लाचा, माझ्या शंभूचा, डावा कान आता निम्माच उरलाय. तो कापायला मीच पैसे मोजले होते. हे लिहिताना हात थरथरतोय, तरी लिहिते, कारण मला पिल्लू विकणारा तो माणूस अजून विकतोच आहे.

पिल्लं विकणाऱ्यांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेलच. आई-बापाचे व्हिडिओ, कप आणि पदकांचे फोटो, ‘ताई, शेवटचं एकच राहिलंय’, आणि पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर. ते सगळं माझ्याबाबतीतही झालं. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) जातीच्या नोंदणीचे कागद ‘महिन्याभरात’ येणार होते, ते आजतागायत आलेले नाहीत. पिल्लू ४० दिवसांचं असताना त्याने माझ्या हातात दिलं. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही मात्र लक्षात ठेवा. विकणारा नोंदणीकृत आहे का हे विचारा, प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा, आणि बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

मी मूर्ख नाही. नवरा महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो, घरात मी आणि आठवीतली मुलगी. मागच्या वर्षी रात्री दोनदा कोणीतरी फाटक हलवून गेलं. बघताक्षणी माणूस दोन पावलं मागे सरेल असा कुत्रा मला हवा होता, आणि डॉबरमन म्हटलं की डोळ्यांसमोर ते टोकदार कान उभे राहतात. लोंबत्या कानांचा डॉबरमन मी तोवर पाहिलाच नव्हता. शंभूला शेपूट नव्हतं, नुसतं बोटाच्या पेराएवढं थोटूक होतं, तर मला वाटलं या जातीला शेपूट नसतंच. आमच्या डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं, डॉबरमनला चांगलं लांब शेपूट असतं. जन्मल्यावर तीन ते पाच दिवसांत, बहुतेकदा भूल न देताच, ते कापून टाकतात. त्या थोटकाला चुकून हात लागला की शंभू आजही विव्हळतो. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ धरते आणि ती दुखत राहते, असं त्या म्हणाल्या.

कानांचं त्यानेच काढलं. ‘ताई, कान लोंबते राहिले की आत घाण साचते, इन्फेक्शन होतं. नऊ आठवड्यांचा झाला की आणा, आमचे डॉक्टर करून देतात.’ मला ते पटलं. लॅब्रेडॉरचे कान लोंबतातच, बीगलचेही लोंबतात, त्यांचे कोणी कापत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मुलगी म्हणाली होती, ‘आई, राहू दे ना, किती मऊ आहेत.’ मी तिला गप्प केलं.

आता ती पावती. हिचा विचार केल्याशिवाय माझी एक रात्र जात नाही. पैसे आधी घेतले आणि त्याने पावती फाडून दिली. वर लिहिलं होतं, ‘ग्रूमिंग चार्जेस ९,५००’. मी वाचलं. विचारलंही, ‘ग्रूमिंग का लिहिलंय? ऑपरेशन आहे ना हे?’ तो हसला आणि म्हणाला, ‘तसंच लिहितात ताई, उगाच कोणी प्रश्न विचारायला नको.’ कोणी म्हणजे कोण? जे काम करणारा माणूस त्याच्या खऱ्या नावाने कागदावर लिहायला घाबरतो, ते काम काय असेल? हा प्रश्न तिथेच, त्या फाटकापाशी विचारायचा होता. पावतीवर ‘डॉ.’ असा शिक्का होता, खाली सही होती, नोंदणी क्रमांक नव्हता. तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. तरी मी पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

आत येऊ नका, रक्त बघवणार नाही, असं म्हणून त्याने पट्टा माझ्या हातातून घेतला. शंभू तीन आठवडे आमच्या घरात राहिला होता, माणसांवर त्याचा विश्वास बसला होता. तो उड्या मारत आत गेला. दारापाशी त्याने एकदा वळून पाहिलं, आणि वळताना दोन्ही कान फडफडले. मी ‘जा बाळा’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिळाला तेव्हा दोन्ही कान चिकटपट्टीने एका कागदी पेल्याला बांधलेले होते आणि तो मान वर करत नव्हता. ‘भुलीचं आहे, उतरेल.’ चौथ्या दिवशी सकाळी खोलीत शिरले तर वास आला. पट्टीच्या कडेने पिवळं पाणी गळत होतं. त्याला फोन केला तर म्हणाला हळद लावा, आणि पट्ट्या बदलायचे २,२०० मागितले. मी दिले! त्याही वेळी दिले. सहाव्या दिवशी शंभूने दूध प्यायचं सोडलं, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम मला एक शब्दही बोलल्या नाहीत. पट्टी कापली, चिमट्याने एक टाका ओढून दिव्यापुढे धरला आणि विचारलं, ‘हा काय दोरा आहे?’ काळा सुती दोरा. शिलाई मशीनच्या रिळाला असतो तो. दोन्ही कानांत मिळून एकवीस टाके निघाले. भूल कसली दिली होती, किती दिली होती, वेदनाशामक दिलं होतं का, त्यांच्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डाव्या कानाची कड सडली होती, ती काढावी लागली. उजवा कान वाचला. तो उभा राहत नाही आणि धड लोंबतही नाही.

आधी वाचायला हवं होतं ते मी नंतर रात्र रात्र जागून वाचलं. दिसण्यासाठी कान आणि शेपूट कापायला १९८७ च्या युरोपीय करारातच मनाई आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २००८ मध्ये याला विरोध केला. शेपटीला जखमा होतात म्हणून ती आधीच कापावी, असं विकणारे सांगतात. ब्रिटनमध्ये १,३८,२१२ कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१० साली निष्कर्ष छापला गेला, की एक जखम टाळायला सुमारे ५०० शेपट्या कापाव्या लागतील. आणि कानांनी, शेपटीनेच तर कुत्री एकमेकांशी बोलतात. शंभू दुसऱ्या कुत्र्याजवळ गेला की समोरच्याला त्याचं मन कळत नाही, लगेच गुरगुर सुरू होते. हे मी रोज बघते.

आता पोलीस. तीन वेळा गेले. पहिल्यांदा ऐकायला मिळालं, ‘मॅडम, हे पशुसंवर्धनकडे येतं.’ पशुसंवर्धनच्या साहेबांनी विचारलं, ‘कापणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का?’ नाही म्हटलं तर म्हणाले, ‘मग आम्ही कारवाई कोणावर करणार?’ म्हणजे पदवी असती तर पकडला असता, पदवी नाही म्हणून मोकळा! भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ मध्येच आहे की नोंदणी नसलेल्या माणसाला हा व्यवसाय करता येत नाही. ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते उठून चहाला गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तर तिकडचं उत्तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत आणि पिल्लू मिळालंय, हे सायबरमध्ये बसत नाही. दुसऱ्यांदा ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्ताला होते.

तिसऱ्या वेळी मी प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० ची प्रतच घेऊन गेले. कलम ११(१)(एल) म्हणजे प्राण्याचा अंगविच्छेद, आणि कलम ३१ प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना स्वतः दखल घेता येते. हवालदार म्हणाले, ‘मग बैलाला वेसण घालतात ते काय?’ वेसण, खच्चीकरण, डाग देणं, गुरांची शिंगं काढणं यांना त्याच कलमात वेगळी सूट आहे. कुत्र्याचे कान त्यात नाहीत. तेही दाखवलं. मग ते जे बोलले ते अजून कानात आहे: ‘पण मॅडम, कापून तर तुम्हीच घेतले ना? तक्रार केलीत तर तुम्हीपण त्यात येणार.’ हे खरं असल्यामुळेच असे लोक निर्धास्त असतात. गिऱ्हाईक लाजेने तोंड उघडणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. आणि दंड किती, तर पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. एकवीस टाक्यांसाठी पन्नास रुपये. तरीही मी अर्ज दिला, त्यात माझी चूक लिहून दिली आणि पोच घेतली. तुम्ही पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. पावत्या, चॅट, दवाखान्याचे कागद, जखमेचे तारखेसकट फोटो, सगळं जपून ठेवा. मी पहिले चार दिवस फोटोच काढले नव्हते, ते अंगाशी आलं.

नात्यातले काहीजण म्हणतात, चांगल्या डॉक्टरकडून करायला हवं होतंस. नाही! दोरा चांगला असता आणि कान ताठ उभा राहिला असता तर मी आज गप्प बसले असते, आणि शंभूला तेवढंच दुखलं असतं. कान कापून देतो म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नका. शेपूट आधीच कापलेलं असेल तर का कापलं ते विचारा आणि उठून या. एवढं करूनही राखणीला कुत्रा हवाच असेल तर लोंबत्या कानांनीही तो तितक्याच मोठ्याने भुंकतो.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. परवा बहिणीच्या फोनवर त्याचं स्टेटस पाहिलं. टोपलीत नवी सात पिल्लं, डोळेही उघडलेले नाहीत, आणि साती जणांच्या शेपटीच्या जागी पांढरी पट्टी. खाली लिहिलंय, बुकिंग सुरू, ५,०००.