रात्रीचं ओझं कुणाच्या पाठीवर? हिवाळी डोंगरयात्रेच्या तीन तऱ्हा

दिवाळीचा फराळ संपत आला की साताऱ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "दोन-तीन दिवस सलग डोंगरात चालायचंय, काय काय घेऊ?" मी उलट विचारतो, झोपणार कुठे? दिवसभर चालायला लागतं ते पाणी, भाकरी-चटणी, एक स्वेटर, टॉर्च आणि चार गोळ्या. पाच किलोत सगळं बसतं. त्यापुढे सॅकमध्ये जे कोंबलं जातं ते रात्रीसाठी: छप्पर, अंथरूण, चूल. तेव्हा ठरवायचं एवढंच, की ही रात्र कोण उचलणार? तुम्ही, वाटेतलं गाव, की गाडी?

तिन्ही तऱ्हा मी एकाच वाटेवर करून पाहिल्या आहेत, म्हणून तुलना करायचं धाडस करतो. वाईहून नांदगणे, तिथून कमळगड, पुढे कोळेश्वराचं पठार, मग जोर गावात उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी जोरहून चढून क्षेत्र महाबळेश्वर. कृष्णेचं खोरं पायाखालून घालत तिच्या उगमापाशी पोचायचं. वाट कुठेही अशक्य नाही, पण कोळेश्वरावर रान दाट आहे आणि ढोरवाटा हमखास चकवतात. गावातला वाटाड्या घ्या. ही अट तिन्ही तऱ्हांना लागू.

पहिली तऱ्हा, सगळं पाठीवर. तरुण मंडळींना हीच खरी वाटते, बाकीच्या म्हणजे लबाडी. मलाही वाटायची. माझा हिशेब असा होता: टेंट अडीच किलो, स्लीपिंग बॅग दीड, मॅट अर्धा, स्टोव्ह-गॅस-भांडी मिळून सव्वा, तीन दिवसांचा शिधा दोन, कपडे दोन, रिकामी सॅकच पावणेदोन, आणि पाणी चार लिटर म्हणजे चार किलो. बेरीज साडेपंधरा. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार उचलू नये असा ढोबळ नियम सांगतात. माझं वजन तेव्हा बासष्ट होतं, बाकी गणित तुम्हीच करा.

ओझ्याने पाय दुखतात हे कुणीही सांगेल. हिवाळ्यात त्याहून मोठी अडचण उजेडाची होते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा, सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि दरीत त्याआधीच सावली पडते. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा दिला, तो आजही वापरतात: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. त्याने हा हिशेब धडधाकट माणसाचा मांडला, पंधरा किलो लादलेल्याचा नव्हे. आमच्या कमळगड-कोळेश्वर टप्प्याला या आडाख्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. जोर गावाच्या वर रानातच अंधार झाला. टॉर्च होती, पण तिचे सेल सॅकच्या तळाशी. शिव्या कुणाला घालणार, भरली मीच होती.

त्या रात्रीची दुसरी चूक जास्त शिकवून गेली. पाणी जवळ हवं म्हणून टेंट नदीकाठी लावला. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी दवबिंदू गोठतात, तेव्हा वरच्या बाजारपेठेत नुसता गारठा असतो, तो याच कारणाने. पहाटे टेंट आतून ओलाचिंब. आमच्याच श्वासाची वाफ कापडाला लागून टपकत होती आणि बाहेरून दहिवर. स्लीपिंग बॅग दमट, तिचं वजन वाढलेलं. स्टोव्हच्या सिलिंडरमधला ब्यूटेन गॅस शून्य अंशाच्या जरासा खाली गेला की वायू व्हायचंच थांबतो. आपल्याकडे तेवढी थंडी नसते, पण गारठलेल्या सिलिंडरची ज्योत मलूल होते आणि चहाला फार वेळ लागतो. आता मी सिलिंडर रात्री अंथरुणात घेतो आणि टेंट पाण्यापासून वर, उतारावरच्या सपाट जागी लावतो.

मग ही तऱ्हा कुणी निवडावी? पुढे हिमालयात बर्फात जायचं असेल आणि सामान वापरायचा सराव हवा असेल तर जरूर. किंवा पठारावरची रात्रच हवी असेल तर. तिला पर्याय नाही, हे मान्य. मात्र "वाटेल तिथे मुक्काम" हे स्वातंत्र्य साताऱ्यात वाटतं तेवढं मोठं नाही. कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बामणोलीहून लाँचने त्यातल्या वासोटा किल्ल्याला जाता येतं, पण परवानगी काढून आणि त्याच दिवशी परत यायच्या बोलीवर. इतर रानातही मुक्कामाआधी वनखात्याला विचारलेलं बरं. शेकोटी तर नकोच. जानेवारी लागला की गवत असं वाळतं, की एका ठिणगीत डोंगर काळा होतो.

दुसरी तऱ्हा, गावाच्या भरवशावर. टेंट नाही, स्टोव्ह नाही, शिधा नाही. सॅक आठ किलोच्या आत, त्यातले तीन किलो पाणी. या तऱ्हेने तीच वाट चालताना मला पहिल्यांदा कमळगडावरची गेरूची विहीर नीट बघायला वेळ मिळाला. पायऱ्या उतरत गेलं की दोन्ही अंगांना लालभडक भिंती. (बघायला उत्तम. पिण्याच्या पाण्याचा हिशेब तिच्यावर धरू नका.) जोरला चार वाजता पोचलो, हातपाय धुऊन ओसरीवर बसलो, तेव्हा उन्हं अजून डोंगरमाथ्यावर होती.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची तीन हजारांहून जास्त किलोमीटरची वाट आहे. 1955 साली एमा गेटवुड या 67 वर्षांच्या आजी ती एकट्या चालल्या, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पायात कापडी बूट. वाटेत लोकांच्या दारात जात, मिळेल तिथे झोपत. ही तऱ्हा म्हणजे लबाडी म्हणणाऱ्यांना मी त्यांचं नाव सांगतो.

पण गाव म्हणजे हॉटेल नव्हे. आधी फोन करून, किती माणसं आणि किती वाजता, हे सांगावं लागतं. दोघे-चौघे असाल तर पिठलं-भाकरी आनंदाने मिळते. बाराजण रात्री आठला धडकलात तर एका माऊलीच्या चुलीवर तो जुलूम आहे. पैसे विचारून, मोजून, न घासाघीस करता द्यावेत. "राहू दे की" म्हणाले तरी द्यावेत. अंथरूण मात्र स्वतःचं न्या. पाहुण्यांसाठीच्या वाकळा मोजक्या असतात आणि देवळात झोपायची वेळ आली तर फरशी अंगातली ऊब ओढून घेते. तिथे जाड स्लीपिंग बॅगपेक्षा खालची फोमची मॅट महत्त्वाची. बॅग घेताना पाकिटावर दोन आकडे असतात. त्यातला कम्फर्टचा, म्हणजे किती थंडीपर्यंत निवांत झोप लागेल तो बघायचा, लिमिटचा, म्हणजे कशीबशी रात्र निघेल तो नाही. आपल्या डोंगरात पाच अंशांच्या आसपास कम्फर्ट असलेली बॅग पुरते. घोंगडं म्हणाल तर ऊब उत्तम, ओलं झालं तरी तग धरतं, पण वजनाने दोन स्लीपिंग बॅगांना भारी.

तिसरी तऱ्हा, सामान गाडीत. ही शहरी चैन आहे असं समजू नका. आळंदीहून निघालेल्या दिंड्या लोणंद, तरडगाव, फलटण करत आपल्याच जिल्ह्यातून जातात. राहुट्या आणि शिधा ट्रकमध्ये, वारकऱ्याच्या खांद्यावर पताका नाहीतर गळ्यात टाळ. फलटण-माण भागातले मेंढपाळ धनगर पाऊसकाळ सरला की मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी मुलूख पालथा घालतात. बिऱ्हाड घोड्यांवर, आणि घोडी घेऊन पुढे जाऊन वाडा, म्हणजे मुक्कामाचा तळ, मांडतात त्या बहुतेक बायका. हिवाळ्यात लांब चालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि तेही बिऱ्हाड स्वतःच्या पाठीवर वाहत नाहीत.

आमच्या वाटेवर हे सहज जमतं. गाडी खोऱ्यातल्या रस्त्याने जोरपर्यंत जाते. तिसऱ्या दिवशी तिला मागे वाईला येऊन पसरणी घाटाने, पाचगणीवरून महाबळेश्वर गाठावं लागतं. पाठीवर चार-पाच किलो, म्हणून साठीतले माझे काका आणि बारा वर्षांची भाची दोघेही चालू शकले. अडचण दुसरीच निघते. गाडी कोण चालवणार? ज्याच्या गळ्यात पडतं त्याचा कमळगड हुकतो. आणि जोर गावाआधी कुणाचा पाय मुरगळला, तर उबदार कपडे, जेवण, अंथरूण सगळं खाली गाडीत आणि तुम्ही वर रानात. म्हणून या तऱ्हेत प्रत्येकाकडे टॉर्च, जाकीट आणि एका वेळचं खाणं सक्तीचं.

माण-खटावकडे महिमानगड, वर्धनगड, भूषणगड असे किल्ले जोडत चालायचं असेल, तर मला गाडीचीच तऱ्हा पटते. सावली कमी, पाण्याच्या जागा लांब लांब, अधलं-मधलं अंतर डांबरी रस्त्याने. वाटेत हुरडा मिळाला तर तो नफा.

थोडक्यात माझं मत माणसं मोजून ठरतं. चौघांपर्यंत असाल आणि पहिलीच खेप असेल तर गाव. दहाच्या वर, किंवा सोबत लहान-थोर असतील तर गाडी. पाठीवर संसार घेऊन जाणाऱ्यांनी आधी दोन दिवस ते ओझं घेऊन साताऱ्याजवळचा यवतेश्वराचा घाट चढून-उतरून पाहावा.

तारीख ठरवताना मार्गशीर्ष पौर्णिमा बघा. दिवस लहान असतो, पण सूर्य बुडायच्या सुमारालाच चंद्र वर येतो. दत्तजयंतीही त्याच दिवशी. मुक्कामाच्या गावात दत्ताचं देऊळ निघालं, तर त्या रात्रीच्या जेवणाचा फोन करायची बहुधा गरज पडणार नाही.