लागाव्हुलिन 16 : बाटली संपत येईपर्यंत समजत गेलेली व्हिस्की

स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लागाव्हुलिन 16 या सिंगल माल्टबद्दल, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीबद्दल, कोणीही बोलू लागले की पहिले वाक्य तिच्या धुरकट चवीविषयी असते. बाटली उघडल्यापासून ती तळाला लागेपर्यंत काही महिने तिच्यासोबत घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की धूर हा या व्हिस्कीचा सर्वांत सोपा भाग आहे. तिच्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो ते त्या धुराला पिंपातल्या 16 वर्षांनी जे वळण लावले त्यासाठी, आणि ते वळण पहिल्या पेगमध्ये पुरते लक्षात येत नाही.

ही डिस्टिलरी 1816 पासूनची मानली जाते. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग आणि आर्डबेग या दोन शेजाऱ्यांच्या मधे ती आहे, आणि तिघींची ख्याती धुराचीच आहे. लागाव्हुलिनचे मोड आणलेले बार्ली जवळच्या पोर्ट एलन येथून येते. ते वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती, जाळतात आणि धुराचा वास-चव देणारी फिनॉल वर्गातली द्रव्ये दाण्यात उतरतात. लागाव्हुलिनच्या बार्लीत त्यांचे प्रमाण दशलक्षात सुमारे 35 भाग, तर आर्डबेगच्या बार्लीत सुमारे 55 भाग असते. नुसते आकडे पाहून व्हिस्की निवडणाऱ्याने इथे थांबून विचार करावा, कारण बार्लीतला आकडा आणि पेल्यातला अनुभव यांच्यामध्ये ऊर्ध्वपातन आणि पीप असे दोन मोठे टप्पे येतात. लागाव्हुलिनमध्ये पहिले ऊर्ध्वपातन सुमारे पाच तास आणि दुसरे नऊ तासांहून अधिक चालते. या संथपणाला डिस्टिलरी आपल्या मद्याच्या गोलाईचे श्रेय देते, आणि पेल्यातली गोलाई पाहता मला ते पटते.

वयाचे काम समजून घ्यायचे असेल तर लागाव्हुलिनचीच 8 वर्षांची बाटली शेजारी ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवेन. डिस्टिलरीच्या द्विशताब्दीनिमित्त 2016 मध्ये ती प्रथम आली आणि तिच्यातल्या अल्कोहोलची तीव्रता 48 टक्के आहे. तिच्यात धूर कोरडा, राखेसारखा, सरळ अंगावर येणारा आहे आणि त्याच्यामागे लिंबाच्या सालीची तरतरी आहे. 16 वर्षांच्या बाटलीत धूर तोच आहे, पण तो एक पाऊल मागे सरकला आहे. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत सुके अंजीर, काळी मनुका, कडक कोऱ्या चहाची तुरट चव आणि ओल्या लाकडाचा वास येऊन बसतो. डांबर आणि आयोडिनची झाक कायम राहते, मात्र ती औषधी न वाटता खारट वाटू लागते. शेवटी घोट गिळल्यावर जे उरते ते फार लांबते. गोडी आधी जाते, मीठ नंतर जाते, आणि धूर कितीतरी मिनिटांनी परत वर येतो. माझ्या मते 16 वर्षांचा खरा हिशेब या उतरत्या भागातच मिळतो.

हे घडते कसे, हेही सांगण्यासारखे आहे. पिंपाचा आतून जाळलेला थर नव्या मद्यातला गंधकाचा उग्रपणा शोषून घेतो, ओकचे लाकूड व्हॅनिलाची गोडी आणि टॅनिनचा तुरटपणा देते, आणि लाकडातून झिरपणारी हवा वर्षानुवर्षे संथपणे या सगळ्यांची सांगड घालत राहते. त्याच काळात फिनॉलची धारही बोथट होते. म्हणून पीट असलेल्या व्हिस्कीत वय वाढणे म्हणजे धूर वाढणे नव्हे, उलट काही प्रमाणात तो सोडून देणे होय. ही देवाणघेवाण कुठे थांबवावी हा निर्णय डिस्टिलरीचा असतो, आणि इथे तो अचूक ठरला आहे. आणखी बरीच वर्षे गेली असती तर लाकडाने धुरावर मात केली असती, असे मला वाटते. लेबलावरचा 16 हा आकडा सरासरीही नसतो. बाटलीत मिसळलेल्या पिंपांपैकी सर्वांत तरुण पिंपाचे ते वय असते, आणि तसा कायदाच आहे.

वयाच्या आकड्याबद्दल आपल्याकडे जो आदर आहे त्याला हवामानाची बाजू जोडली पाहिजे. स्कॉटलंडच्या थंड कोठारांत पिंपातले मद्य वर्षाला साधारण 2 टक्के उडून जाते. या दराने 16 वर्षांनंतर पिंपात जवळजवळ तीनचतुर्थांश माल शिल्लक राहतो. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट तयार होते. तिथल्या उष्म्यात ही गळती कित्येक पटींनी जास्त असते आणि लाकडाचा अंमलही तितक्याच वेगाने चढतो. गळती वर्षाला 8 टक्के धरली तर 16 वर्षांनी पिंपात जेमतेम चौथा हिस्सा उरेल, आणि जे उरेल ते बहुधा लाकडाचा अर्क असेल. त्यामुळे गोव्याच्या माल्टवर मोठे वय दिसत नाही म्हणून तिला कमी लेखणे अन्यायाचे आहे. त्याच न्यायाने लागाव्हुलिनची मंद, थंड वाढ उष्ण प्रदेशात जशीच्या तशी मिळणार नाही, हेही मान्य करावे लागते.

आता मूळ अनुभवाकडे. बाटली उघडली त्या आठवड्यात व्हिस्की आखडलेली होती. नाकाशी आयोडिन आणि अल्कोहोल एवढेच प्रकर्षाने येत होते आणि फळांची बाजू शोधावी लागत होती. पातळी बाटलीच्या खांद्याखाली उतरल्यावर ती मोकळी होऊ लागली, आणि बाटली अर्ध्यावर आली तेव्हा ती माझ्या मते सर्वोत्तम होती. अंजीर, मीठ आणि धूर यांपैकी कोणालाही पुढे जाण्याची घाई नव्हती. शेवटचा चतुर्थांश उरल्यावर मात धूर विरळ झाला आणि गोडी थोडी सपाट वाटू लागली. बाटलीतली रिकामी जागा हवेने भरते आणि हवा आपले काम करत राहते, हे त्याचे कारण. अर्धी बाटली झाल्यावर उरलेली व्हिस्की गच्च झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवली तर हा ऱ्हास बराच लांबवता येतो. व्हिस्कीची बाटली वाइनसारखी आडवी कधीही ठेवू नये, कारण तीव्र अल्कोहोल बुचाला झिजवते. उभी, अंधारात, स्वयंपाकघरापासून दूर असलेल्या कपाटात ती चांगली राहते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार या विषयावरच्या परदेशी मार्गदर्शनात नसतो. व्हिस्की खोलीच्या तापमानाला घ्यावी असे तिथे सांगतात, पण ती खोली स्कॉटलंडची असते. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या खोलीत 35 अंशांच्या आसपास ओतलेली हीच व्हिस्की नाकाला झोंबते आणि तिची बारकाई अल्कोहोलच्या वाफेमागे दडून जाते. बर्फ घातला तर दुसरे टोक गाठले जाते, गंध मिटतो आणि पाणी वाढतच जाते. मला मानवलेला उपाय असा की रिकामा पेला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा, पुसून कोरडा करावा आणि मग त्यात 30 मिली ओतावी. पेला हळूहळू खोलीच्या तापमानाकडे येत असताना गंध एकामागून एक उलगडतात, आणि हिवाळ्यात जे आपोआप मिळते ते उन्हाळ्यातही मिळते.

पेला ग्लेनकेर्न पद्धतीचा, म्हणजे तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. 2001 मध्ये बाजारात आलेला हा आकार गंध तोंडाशी एकवटतो. रुंद तोंडाच्या जाड पेल्यात लागाव्हुलिनचा फक्त धूर कळतो. वास घेताना नाक पेल्यात खुपसू नये, ओठ किंचित उघडे ठेवून दोन्ही नाकपुड्यांनी अलगद श्वास घ्यावा. पहिला घोट केवळ जिभेला सवय व्हावी म्हणून असतो. त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात सावकाश फिरवावा.

पाण्याबद्दल वाद फार होतात. स्वीडनमधल्या लिनेअस विद्यापीठाचे ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले की धुराची चव देणारा ग्वायकॉल हा रेणू पाणी घातल्यावर द्रवाच्या पृष्ठभागाकडे अधिक प्रमाणात येतो. त्यांच्या गणितानुसार अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असतानाच तो पृष्ठभागाशी राहतो. म्हणजे 43 टक्क्यांच्या या व्हिस्कीत बाटलीत भरतानाच ते काम बरेचसे झालेले आहे. माझा अनुभवही याला धरून आहे. दोन-तीन थेंबांनी अंजिराची गोडी पुढे येते, आणि चमचाभर पाण्याने अंग पातळ होऊन लांबलेला शेवट तुटतो. 48 टक्क्यांच्या 8 वर्षांच्या बाटलीला मात्र थोडे अधिक पाणी खुशाल सोसते.

सोबत काय खावे, यावर थोडेच सांगतो. तिखट शेव, मसाला शेंगदाणे किंवा लसणाची चटणी यांच्यासोबत ही व्हिस्की घेणे म्हणजे तिचे बारीक स्वर बंद करणे होय. ब्लू चीज तिला फार छान जाते, कारण दोघांतले मीठ एकमेकांना उचलून धरते. मीठ न लावलेले भाजलेले बदामही चालतात. कोकणातल्या माणसाने निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, मसाला न लावता, एकदा जरूर सोबत घ्यावा. समुद्र आणि धूर ही जोडी तिथेही आहे.

दोन गोष्टी मला वेगळ्या हव्या होत्या. तीव्रता 43 ऐवजी 46 टक्के असती तर घोटाला अंग आले असते आणि पाण्याचे प्रमाण ठरवण्याचा अधिकार पिणाऱ्याकडे राहिला असता. दुसरे म्हणजे रंग. स्कॉच व्हिस्कीत साधा कॅरमेल रंग घालण्याची नियमांत मुभा आहे आणि या बाटलीतही तो असतो, तेव्हा गडद सोनेरी छटेवरून पिंपाबद्दल किंवा वयाबद्दल निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. ती छटा नसती तरी या व्हिस्कीचे काही बिघडले नसते.

किंमत करांमुळे राज्याराज्यांत इतकी बदलते की एक आकडा सांगणे योग्य नाही, पण ती कुठेही स्वस्त नाही. ज्यांनी पीटचा धूर कधी चाखलेला नाही त्यांनी पूर्ण बाटली घेण्याआधी एखाद्या चांगल्या बारमध्ये एक पेग मागवून सावकाश घ्यावा आणि तो न आवडल्यास महिन्याभराने पुन्हा एकदा घेऊन पाहावा. ज्यांना धूर आधीच प्रिय आहे आणि जे अजून आर्डबेगच्या किंवा लाफ्रॉइगच्या 10 वर्षांच्या बाटलीपाशी आहेत, त्यांनी ही बाटली घ्यावी, तीन-चार महिने पुरवावी, आणि अर्ध्यावर येईपर्यंत तिच्याबद्दल मत पक्के करू नये. मी पुढची बाटली हिवाळ्याच्या तोंडावर उघडणार आहे, म्हणजे तिचा मधला, सर्वांत चांगला भाग थंडीत येईल.